रुग्ण एक, आजार दोन : स्तनाचा कर्करोग आणि क्षयरोग

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासक बोलावयास उभा राहिला की, जमाखर्च, खाटांची संख्या आणि नव्या यंत्रसामग्रीची यादी ऐकावी लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ते सर्व आकडे अहवालाच्या पुढील पानांवर छापलेले आहेत आणि लेखापरीक्षकांनी ते तपासलेले आहेत. म्हणून आज आपली अनुमती घेऊन मी निराळ्या विषयावर बोलणार आहे. एकाच स्त्रीच्या शरीरात स्तनाचा कर्करोग आणि क्षयरोग हे दोन्ही आजार एकाच वेळी असतात तेव्हा काय घडते, हा तो विषय होय. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. आमच्या डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितले आणि केसपेपर हाताळताना जे मला दिसले, तेवढेच मी आपल्यापुढे ठेवीत आहे.

हे दोन्ही आजार आपल्याला स्वतंत्रपणे चांगले परिचित आहेत. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण एकट्या भारतात आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूचा शिरकाव झालेला आढळला. यांतील बहुतेकांना आजार होत नाही. जंतू सुप्तावस्थेत राहतो. दुसऱ्या बाजूस, स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ या वर्षासाठीच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार आपल्या देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया त्याने मृत्युमुखी पडल्या. एक आजार इतका पसरलेला आणि दुसरा इतका वाढता असताना काही स्त्रियांच्या वाट्याला दोन्ही यावेत, यात नवल नाही. अशी उदाहरणे विरळ असली, तरी आपल्याकडे ती अशक्य कोटीतील मानून चालत नाही.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. क्षयामुळे स्तनाचा कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. बहुतांश वेळा हा निव्वळ योगायोग असतो. मात्र कर्करोगाने आणि त्यावरील काही औषधांनी शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण होते आणि वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेला क्षयाचा जंतू डोके वर काढू शकतो. त्यामुळे एका आजाराच्या वाटेवर दुसरा भेटण्याचा संभव आहे, एवढे डॉक्टर मान्य करतात.

या विषयाचा इतिहासही मोठा आहे. स्तनाच्या क्षयाचे पहिले वर्णन लंडनचे शल्यविशारद सर अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये केले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे मांडला तो १८८२ मध्ये, म्हणजे त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने. महाराष्ट्राला क्षयाचा विसर पडणे शक्य नाही. १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी संपादन करून आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी पुण्यात याच व्याधीने निवर्तल्या. त्या वेळी जंतू ठाऊक होता, परंतु औषध नव्हते. आज औषध आहे, ते शासनाकडून विनामूल्य मिळते आणि नेमाने घेतल्यास साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो. स्तनाचा कर्करोगही लवकर हाती लागल्यास बरा होण्याजोगा आहे. म्हणजे दोन्ही आजारांवर उपाय आहे. अडचण उद्भवते ती निदानात.

ही अडचण मला आमच्या शल्यचिकित्सकांनी अशी समजावली. काखेतील गाठ सुजते ती क्षयाने आणि स्तनाचा कर्करोग पसरल्यानेही. छायाचित्रात फुप्फुसावर डाग दिसतो तो क्षयाचा असू शकतो, तसाच कर्करोगाच्या प्रसाराचाही असू शकतो. वजन घटणे, अन्नावरची वासना जाणे, अंगात कसर राहणे ही लक्षणे दोहोंकडे आहेत. स्तनाचा क्षय असेल तेव्हा तेथेही गाठ होते, कधी ती फुटून न भरणारी जखम वाहत राहते आणि पाहणाऱ्यास ती कर्करोगाची वाटते. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या विकारांमध्ये क्षयाचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी सांगतात. क्षयाचा प्रादुर्भाव असलेल्या देशांत ते शेकडा तीन-चारपर्यंत नोंदले गेले आहे. पेट स्कॅनसारखी महागडी तपासणीही येथे पुरी पडत नाही, कारण तीत कर्करोगाची गाठ जशी उजळून दिसते, तशीच क्षयाची गाठही उजळून दिसते.

यातून दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. पहिला असा की, काखेतील गाठ क्षयाची निघाली म्हणून स्तनातील गाठही क्षयाचीच असणार, असे गृहीत धरले जाते आणि कर्करोगाला सहा महिन्यांची मोकळीक मिळते. दुसरा असा की, स्तनातील गाठ कर्करोगाची निघाली म्हणून फुप्फुसावरील डागही कर्करोगाचाच समजला जातो आणि ज्या स्त्रीचा आजार बरा होण्याच्या टप्प्यात आहे, तिला चौथ्या टप्प्याची ठरवून केवळ वेदनाशमनाच्या वाटेस लावले जाते. पहिल्यात वेळ हातून जातो आणि दुसऱ्यात आशाच मावळते. दोन्हींचे मूळ एकच आहे. एक निदान हाती लागताच शोध थांबविला जातो.

आमच्याकडे उपचार घेतलेल्या एका भगिनीची हकीकत तिच्या संमतीने, परंतु नाव-पत्ता न देता सांगतो. पन्नाशीच्या आतील ही स्त्री शहराच्या पूर्वभागात राहते आणि विड्या वळते. काखेत गाठ आली, तेव्हा घरच्यांनी काखमांजरी समजून लेप लावला. महिन्याभरात गाठ वाढली व सायंकाळी ताप येऊ लागला, म्हणून सुईने तपासणी झाली आणि त्यात क्षय निघाला. शासकीय औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत ताप गेला, भूक वाढली, काखेतील गाठही उतरली. सर्वांना समाधान वाटले. परंतु त्याच बाजूच्या स्तनात वाटाण्याएवढी एक कठीण गाठ होती, ती तसूभरही हलली नाही. दुखत नाही म्हणून तिने त्याविषयी कोणाकडे तक्रार केली नव्हती. औषधे देण्यासाठी घरी येणाऱ्या आशा कार्यकर्तीपाशी ती सहज बोलून गेली आणि त्या कार्यकर्तीने तिला दुसऱ्याच दिवशी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आणले.

स्तनातील गाठीचा तुकडा तपासला असता कर्करोग निघाला. आता प्रश्न काखेचा होता. तेथील गाठी क्षयाच्या, कर्करोगाच्या, की दोन्हींच्या? आमच्या रोगनिदानतज्ज्ञांनी सांगितले की, सूक्ष्मदर्शकाखाली क्षयासारखे दिसणारे पेशींचे पुंजके कधी कधी कर्करोगाच्या जवळच्या गाठींत क्षयाविनाही आढळतात. म्हणून केवळ दिसण्यावर न विसंबता जंतूचा पुरावा शोधावा लागतो. हल्ली सीबीनॅट या यंत्राने जंतूचे अस्तित्व काही तासांत कळते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यास लागू पडेल की नाही, हेही समजते. या भगिनीच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींपैकी काहींत क्षय आणि एका गाठीत कर्करोग, असा अहवाल आला. केवळ पहिल्या अहवालावर थांबले असते, तर ती एक गाठ कोणाच्या ध्यानात आली नसती.

निदान झाले तरी काम संपले नव्हते. दोन्ही आजारांची औषधे परस्परांच्या आड येतात, हे मला येथे प्रथमच समजले. क्षयाची काही औषधे यकृतावर भार टाकतात, कर्करोगाची काही औषधेही टाकतात. म्हणून दर काही दिवसांनी रक्त तपासून यकृताची स्थिती पाहावी लागते. ज्या कर्करोगाची वाढ स्त्री-संप्रेरकांवर अवलंबून असते, त्यास टॅमॉक्सिफेन ही स्वस्त आणि गुणकारी गोळी अनेक वर्षे दिली जाते. परंतु रिफाम्पिसिन चालू असताना यकृत ही गोळी इतक्या वेगाने नष्ट करते की, रक्तातील तिचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. रुग्ण गोळी निष्ठेने घेतो आणि ती वाया जाते. या भगिनीच्या बाबतीत डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न लांबविता केली, केमोथेरपीच्या काळात क्षयाचे औषध अखंड चालू ठेवले आणि क्षयाचा उपचार पूर्ण झाल्यावर टॅमॉक्सिफेन सुरू केले. प्रत्येक रुग्णासाठी क्रम हाच असेल असे नाही. तो ठरविणे तज्ज्ञांचे काम आहे. परंतु क्रम ठरविण्यासाठी छातीरोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ एका टेबलाशी बसले पाहिजेत, हे मात्र सर्वांना लागू आहे. ही भगिनी आज पुन्हा विड्या वळते आणि ठरलेल्या तारखेस तपासणीसाठी येते.

आता मी माझ्या क्षेत्राकडे वळतो. डॉक्टरांना एका शरीरात दोन आजार दिसतात. कार्यालयाला एका रुग्णाच्या दोन फाइली दिसतात. क्षयाची नोंद ‘निक्षय’ या शासकीय प्रणालीत होते. औषधे विनामूल्य मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषण आहारासाठी दरमहा रक्कम बँक खात्यात जमा होते. ही रक्कम २०१८ पासून ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत बसते. ही योजना राजीव गांधी यांच्या नावाने २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता, ही आपणास अभिमानाची बाब आहे.

मग गरिबास अडचण कोठे येते? ती या दोन योजनांच्या मधल्या फटीत येते. कर्करोगाच्या उपचारास मंजुरी हवी असेल तर निदानाचा अहवाल जोडावा लागतो. आणि ते निदान होईपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च रुग्णाच्या पदरातून जातो. दोन आजारांचा संशय असेल तर हा खर्च दुपटीने वाढतो. एक तुकडा स्तनातील, एक काखेतील, कधी फुप्फुसातील. त्याखेरीज प्रत्येक फेरीस एक दिवसाची मजुरी बुडते. विड्यांची मजुरी हजारी हिशेबाने मिळते; हात थांबला की मिळकत थांबली. अक्कलकोट, मंगळवेढा किंवा धाराशिवकडून येणाऱ्यांस प्रवासखर्च आणि सोबतच्या माणसाची राहण्याची सोय हा वेगळाच प्रश्न असतो. अशा वेळी कुटुंब हिशेब करते की, एक आजार सापडला आहे, त्याचे औषध फुकट मिळते आहे, तेव्हा आणखी तपासण्या कशाला? हा हिशेब त्यांच्या बाजूने चुकीचा म्हणता येत नाही. त्यांच्या खिशात तेवढेच असते. तो हिशेब बदलणे हे आपले काम आहे.

धर्मादाय रुग्णालय म्हणून कायद्यानेही आपल्यावर जबाबदारी टाकली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा निधी मोलाचा आहे. परंतु त्याचा बहुतांश भाग दाखल झालेल्या रुग्णांच्या मोठ्या देयकांत खर्ची पडतो. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसून ‘दुसरी तपासणी करू की नको’ या विचारात पडलेल्या स्त्रीपर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

अशा कामासाठी आपणास दूर जाऊन आदर्श शोधण्याची आवश्यकता नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शी येथे नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या कर्करोग रुग्णालयाच्या माध्यमातून १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. ग्रामीण स्त्री आपण होऊन रुग्णालयात येत नाही, हे ओळखून तेथील कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणांची माहिती देत राहिले आणि संशयित रुग्णांना तपासणीस आणीत राहिले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्याचे त्यांना दिसून आले. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांच्या पाहणीत प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांकडून दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करविली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. यास महागडे यंत्र लागले नाही. शिकविलेला हात आणि ठरलेल्या दिवशी दारात येणारे माणूस, एवढेच लागले. आपल्या हकीकतीतील आशा कार्यकर्तीने हेच केले.

आहाराविषयी एक शब्द. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना पोषक शिधा देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. डाळ-तांदळाची पिशवी देणारा दाता औषधच देत असतो, हे यावरून ध्यानात यावे.

या सर्वांचा विचार करून मी विश्वस्त मंडळापुढे तीन प्रस्ताव नम्रपणे ठेवीत आहे.

पहिला प्रस्ताव ‘निदान निधी’ या स्वतंत्र खात्याचा. निदान पूर्ण होईपर्यंतच्या तपासण्या, प्रवासखर्च आणि आवश्यक तेथे शिधा यांसाठीच हा निधी वापरावा. समाजसेवा अधीक्षक आणि उपचार करणारे डॉक्टर यांच्या दोन सह्यांवर त्याच दिवशी रक्कम मंजूर व्हावी आणि त्याचा हिशेब पुढील अहवालात स्वतंत्र पानावर छापावा.

दुसरा प्रस्ताव एका फाइलीचा. स्तनातील गाठ किंवा क्षय या दोहोंपैकी कोणत्याही कारणाने नोंदलेल्या स्त्रीच्या केसपेपरवर दुसऱ्या आजाराविषयीचे प्रश्न छापलेले असावेत. क्षयाच्या रुग्णेस स्तनात गाठ आहे काय, हे विचारावे. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णेस खोकला, ताप, घरात क्षयरुग्ण आहे काय, हे विचारावे. छपाईचा खर्च नगण्य आहे.

तिसरा प्रस्ताव आठवड्यातून एक तास छातीरोग, कर्करोग आणि रोगनिदान या विभागांच्या एकत्र बैठकीचा. आमच्या डॉक्टरांनी यास संमती दिली आहे; त्यासाठी केवळ वेळ राखून ठेवण्याची आवश्यकता आहे.

देणगीदारांना माझी एक विनंती आहे. यंत्रावर, खोलीवर किंवा कोनशिलेवर नाव लागते, तो सन्मान योग्यच आहे आणि अशा देणग्यांवरच ही वास्तू उभी आहे. तपासणीच्या कागदावर मात्र कोणाचे नाव लागत नाही. तरीही त्या कागदावरून एखाद्या स्त्रीचा आजार तिसऱ्या टप्प्याऐवजी पहिल्या टप्प्यात सापडतो. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या नगरीत तळे खोदविले, तेव्हा असंख्य भक्तांनी माती वाहिली. त्या भक्तांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत, पण तळे आहे. त्याच परंपरेतील आपण आहोत.

येथे बसलेल्या रुग्णांच्या आप्तांना चार गोष्टी सांगतो. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. आईचे, बहिणीचे ताट-वाटी वेगळी करू नका. फुप्फुसाचा क्षय खोकल्यातून पसरू शकतो, परंतु योग्य औषध सुरू झाल्यावर तो धोका लवकरच कमी होतो; तोवर तोंडावर रुमाल आणि घरात मोकळी हवा पुरेशी आहे. बरे वाटू लागले म्हणून क्षयाचे औषध मध्येच सोडू नका. आणि एका गाठीवर औषध लागू पडले, दुसरी मात्र तशीच राहिली, तर पुढील तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना ती दाखवा. दुखत नाही म्हणून ती गाठ निरुपद्रवी ठरत नाही. सासूबाई, सुना, लेकी यांनी हे संकोचामुळे मनात ठेवू नये आणि घरातील पुरुषांनी विचारण्यास कमीपणा मानू नये.

  निदान निधीच्या नोंदणीसाठी कार्यालयात आजपासून स्वतंत्र पावतीपुस्तक ठेवले आहे, हे नमूद करून आपली रजा घेतो.